वाचनालयासाठी व्हॉट्सॲप की इन्स्टाग्राम?

मंगळवार पेठेतल्या आमच्या वाचनालयात दोन्ही चालवून बघितलं. रोजच्या कामाला व्हॉट्सॲपच. ‘दिवाळी अंक आले’ एवढं टाकलं की तासाभरात काकू पिशवी घेऊन दारात हजर. पुस्तक परत करायची आठवणही तिथंच, पण ज्याची त्याला, खासगीत. चारचौघांत थकबाकी काढली की सभासद तुटतो. ग्रुपमध्ये १०२४ जण मावतात, मात्र सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. मुलींच्या पालकांनी यावरच बोट ठेवलं. २०२३ मध्ये आलेल्या व्हॉट्सॲप चॅनेलमध्ये फक्त आपणच लिहितो, बाकीचे नुसतं वाचतात आणि नंबर झाकलेले राहतात, म्हणून सूचना आता तिकडं. (गुड मॉर्निंगचा पूरही थांबला, हा वरकड फायदा.)

इन्स्टाग्राम जुन्या सभासदाच्या फारसं कामाचं नाही, ते नवा वाचक गाठतं. पिवळ्या पानावरचा जांभळा शिक्का, कडेला वाळवीची नक्षी, असा एक फोटो टाकला आणि स्पर्धा परीक्षेची दोन पोरं पत्ता विचारत आली. कॅप्शनमधली लिंक उघडत नाही, स्टोरी २४ तासांत जाते. अख्खी पानं मात्र टाकू नका. लेखक गेल्यावरही ६० वर्षं कॉपीराइट असतो.

काउंटरवर एकटाच माणूस असेल तर आधी चॅनेल. इन्स्टाला आठवड्याला एक फोटो पुरे.