रेचल: पानावरची की पडद्यावरची?

‘द गर्ल ऑन द ट्रेन’ ही पॉला हॉकिन्सची २०१५ ची कादंबरी मी हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये वाचली. कुर्डुवाडी कधी गेलं कळलंच नाही. टेट टेलरचा २०१६ चा सिनेमा मात्र घरीच, उन्हाळ्याच्या दुपारी पडदे ओढून पाहिला.

गोष्ट तीच. नोकरी सुटलेली, दारूत बुडालेली रेचल रोज लोकलने जाते आणि खिडकीतून दिसणाऱ्या अनोळखी जोडप्याला मनानंच नावं देते. मग त्यातली बाई बेपत्ता होते, आणि त्या रात्रीचं रेचलला काही धड आठवत नाही.

पुस्तकात ‘सकाळ’, ‘संध्याकाळ’ अशा नोंदी तिच्याच तोंडून येतात. ती खोटं बोलत नाही, तिला स्वतःलाच खरं ठाऊक नसतं. ही गोम मला फार आवडली. मध्ये ती बेपत्ता झालेली मेगन आणि रेचलच्या माजी नवऱ्याची नवी बायको अ‍ॅना बोलू लागतात, तेव्हा कुणावर भरवसा ठेवायचा हेच कळेनासं होतं.

सिनेमाची अडचण वेगळी. डोळ्यांनी दिसलं की आपण ते खरं मानतो. रेचलची चुकीची आठवण पडद्यावर सरळ प्रसंग म्हणून येते आणि पुढे उलटते, तेव्हा थोडं फसवल्यासारखं वाटतं. (माझी बहीण म्हणते, हीच तर मजा!) रेचल झालेली एमिली ब्लंट मात्र जबरदस्त. लंडनऐवजी न्यूयॉर्क का केलं, ते मला पटलं नाही.

पुण्याला निघाला असाल तर पुस्तकच घ्या. खिडकीची जागा मिळाली तर उत्तमच.