प्रबंधासाठी मोल्दोवा की जॉर्जिया?

युरोपीय संघाचा पूर्वेकडचा विस्तार हा विषय पक्का झालाय, पण देश कोणता घ्यायचा ते ठरत नाहीये, अशा विद्यार्थ्यांसाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगतो: मोल्दोवा घ्या.

दोन्ही देशांनी सदस्यत्वासाठी अर्ज केला तो एकाच दिवशी, 3 मार्च 2022 ला. रशियानं युक्रेनवर हल्ला करून जेमतेम आठवडा झाला होता. दोघांच्याही भूमीवर रशियन फौजा आहेत: मोल्दोवात ट्रान्सनिस्ट्रियामध्ये, जॉर्जियात अबखाझिया आणि दक्षिण ओसेशियात, म्हणजे देशापासून फुटून निघालेल्या भागांत. 2006 साली रशियानं दोघांच्याही वाइनवर बंदी घातली होती. सुरुवात इतकी सारखी, तरी वाटा पार वेगळ्या झाल्या.

जॉर्जियात युरोप हवा असणारे लोक मोठ्या बहुमतात आहेत. राज्यघटनेचं 78 वं कलमच सरकारी संस्थांना युरोपीय संघ आणि नाटोच्या दिशेनं काम करायला सांगतं. डिसेंबर 2023 मध्ये उमेदवार देशाचा दर्जाही मिळाला. पण 2024 च्या मे महिन्यात 'जॉर्जियन ड्रीम' या पक्षाच्या सरकारनं परकीय प्रभावाविषयीचा कायदा रेटला, ऑक्टोबरची निवडणूक वादात सापडली आणि 28 नोव्हेंबरला पंतप्रधान इराक्ली कोबाखिद्झे यांनी 2028 अखेरपर्यंत प्रवेशाच्या वाटाघाटींचा विषयच नको, असं जाहीर केलं. त्याच रात्री तिबिलिसीच्या रुस्तावेली मार्गावर लोक उतरले आणि पुढे महिनोन्‌महिने रोज उतरत राहिले. त्यांच्या चिकाटीपुढे मान झुकते. पण प्रवेशप्रक्रियेचा अभ्यास करायचा तर तिथे प्रक्रियाच थांबलेली आहे.

मोल्दोवात चित्र उलटं. सरकार ठाम आहे, समाज दुभंगलेला. युरोपीय संघात जाण्याचं ध्येय राज्यघटनेत घालावं का, यावरचं 20 ऑक्टोबर 2024 चं सार्वमत मुळातून वाचा. मतमोजणी सुरू झाली तेव्हा 'नको' बराच पुढे होता. देशातल्या मतांत शेवटपर्यंत विरोधाचंच पारडं जड राहिलं. परदेशात राहणाऱ्या मोल्दोवन नागरिकांची मतं मोजली गेली तेव्हा कुठे 'हवं' 50 टक्क्यांच्या जरासं वर गेलं. फरक साडेदहा हजारांच्या आसपास मतांचा. दोन आठवड्यांनी माया सांडू पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि सप्टेंबर 2025 मध्ये त्यांच्या पक्षानं 101 पैकी 55 जागा जिंकल्या. मतखरेदी, रशियाचा पैसा, गॅसची कोंडी हे सगळं या काळात घडलं आणि त्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे.

वाटाघाटी जून 2024 मध्ये औपचारिकपणे सुरू झाल्या. पण युक्रेनचा आणि मोल्दोवाचा प्रवास एकत्र बांधलेला असल्यानं युक्रेनला हंगेरीनं केलेला विरोध मोल्दोवालाही भोवला. एका सदस्याच्या नकारानं प्रक्रिया कशी अडते, हे इथे जवळून बघता येतं.

भाषेचंही बघा. मोल्दोवाची भाषा रोमानियन, ती रोमन लिपीत असल्यानं कागदपत्रं निदान चाळता येतात. जॉर्जियनसाठी लिपीपासून सुरुवात. लोकशाही कशी मागे सरकते हा तुमचा खरा प्रश्न असेल, तर मात्र जॉर्जियाच घ्या.

मोल्दोवा ठरला तर सुरुवात गागाउझियापासून करा. 1994 पासून स्वायत्त असलेल्या मोल्दोवाच्या या छोट्या भागात त्या सार्वमतात सुमारे 95 टक्के मतं युरोपच्या विरोधात पडली. तिथले लोक वंशानं तुर्किक, धर्मानं ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन आणि रोजच्या व्यवहारात बहुतांशी रशियन बोलणारे. राजधानी चिशिनाऊतलं सरकार त्यांना अजून आपलंसं का करू शकलं नाही, एवढ्या एका प्रश्नावर अख्खं प्रकरण उभं राहील.