जुन्या पिकअपचा रेडिएटर: बोअरचं पाणी की कूलंट?

मावसभावाची पिकअप १४ वर्षांची झाली, अजून कांदा भरून लासलगावला जाते. परवा त्याने रेडिएटर घरीच धुतला आणि फोन केला, "दादा, कूलंटला पैसे घालू, की बोअरचं पाणी चालेल?"

कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवायला पाण्यात मिसळून रेडिएटरमध्ये घालायचं द्रव. खर्चात पाणी जिंकतं, वाद नाही. उष्णता वाहून नेण्यातही निव्वळ पाणी कूलंटच्या मिश्रणापेक्षा सरस. म्हणूनच सुरुवातीला गाडी छान चालते आणि माणूस फसतो.

फरक पडतो टिकाऊपणात. बोअरचं पाणी जड असेल, तर गरम झाल्यावर त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, पाणी तापवायच्या पातेल्यात थर बसतो तसे. इंजिनाच्या लोखंडी ब्लॉकला आतून गंज चढतो आणि तो गाळ वॉटर पंपाच्या सीलची वाट लावतो. चढावर गाडी तापून हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली सीलची पट्टी) गेलं, तर त्या खर्चात कूलंटचे कितीतरी डबे आले असते. कूलंटमधली द्रव्यं गंज रोखतात. शिवाय निम्मं कूलंट, निम्मं पाणी घातलं की उकळण्याचं तापमान १०० वरून साधारण १०७ अंशांवर जातं.

मेहनत सारखीच. झाकण मात्र इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडायचं. काढलेलं कूलंट गोठ्याजवळ ओतू नका. ते गोड लागतं, जनावरं पितात आणि ते विषारी आहे.

वाटेत होज (रेडिएटरचा रबरी पाइप) फुटला, कसंबसं घर गाठायचंय, तर मिळेल ते पाणी भरा. गाडीवर हंगाम काढायचा असेल तर कूलंटच, तेही डिस्टिल्ड पाण्यात मिसळून.