किंमत सांगायला आलेला माणूस पिकअपचं इंजिन घेऊन गेला

आजोबांची एफसी-१५० पिकअप कागल तालुक्यातल्या आमच्या घरी, गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. बॉनेट नाही, तोंड चपटं, इंजिन दोन सीटांच्या मधे झाकणाखाली. विलिस या अमेरिकन जीप कंपनीच्या परवान्यावर महिंद्रानं आपल्याकडं बनवलेली ही जीपचीच जात. आजोबा तिच्यातून गुऱ्हाळावरचे गुळाचे रवे कोल्हापूरला शाहूपुरीत न्यायचे. हौद्याच्या फळ्यांवर ते काळे डाग अजून आहेत.

गेल्या दिवाळीत आम्ही भावंडांनी ती पुन्हा उभी करायची ठरवली. खर्चात पडायच्या आधी गाडी नेमकी कोणती आणि आज तिची किंमत काय, हे कळावं म्हणून ओळखीतून एका माणसाला बोलावलं. जुन्या गाड्यांतला जाणकार म्हणून तो आला. पुण्याला परतावं लागल्यानं मी त्या दिवशी घरी नव्हतो, आई एकटीच होती.

त्यानं झाकण उचलून पाहिलं आणि म्हणाला, "काकू, ह्ये डिझेल इंजिन हाय. गाडीचं सोताचं न्हाई. हिला आता भंगाराचाच भाव."

यातली पहिली दोन वाक्यं खरी होती. पेट्रोल परवडेना म्हणून आजोबांनी डिझेल इंजिन बसवून घेतलं होतं. त्या काळी कितीतरी जीपांचं तेच झालं. पण काढलेलं मूळ इंजिन त्यांनी विकलं नव्हतं. ते शेडच्या कोपऱ्यात पोत्यांखाली पडून होतं, गाडीपासून दहा पावलांवर. त्या माणसानं पोतं सरकवलं, वाकून बघितलं आणि पुन्हा झाकलं. मग म्हणाला, "ह्ये लोखंड कशाला ठेवलंय? पोरांच्या पायाला लागंल." ३२ रुपये किलोनं १६० किलोचे ५,१२० रुपये त्यानं आईच्या हातात ठेवले. 'जुने लोखंड, भंगार' असं लिहिलेल्या कागदावर तिची सही घेतली. डॅशवरची नंबरची पाटीही 'साफ करून, वाचून आणतो' म्हणून रिव्हेट तोडून नेली.

महिन्याभरानं कोल्हापूरचे एक म्हातारे मिस्त्री आले. उभी हयात जीपांखाली गेलेला माणूस. त्यांनी आधी आरसी बुक मागितलं. मग चेसिसवरचं ग्रीस रॉकेलच्या चिंधीनं पुसलं, पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली. आकडे एकेक करून उमटले आणि बुकाशी जुळले. आम्ही सगळे खूश. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "बुकात पेट्रोल लिवलंय. हिचं पेट्रोल इंजिन कुठाय?"

आईनं सांगितलं तसे ते तिथंच बसले. ते इंजिन हरिकेन नावाचं, चार सिलिंडरचं, २.२ लिटरचं. इनटेकचे, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये (इंजिनच्या वरच्या भागात), एक्झॉस्टचे, म्हणजे धूर बाहेर सोडणारे, बाजूला ब्लॉकमध्ये (इंजिनच्या मुख्य धडात), आणि हवा-पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर हेडच्याच वर बसलेला. ही ठेवण एकदा पाहिली की विसरत नाही, आणि त्या जाणकारानं ती ओळखली नसेल यावर माझा विश्वास नाही. बुकात ज्याचा नंबर आहे तेच इंजिन घरात असणं, यातच गाडीची निम्मी किंमत होती, असं मिस्त्री म्हणाले.

दुसरा घोळ कागदांचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं इंजिन बदलायला आरटीओची परवानगी आणि बुकात नोंद लागते. आजोबांनी ती केलेली नाही. मूळ इंजिन परत बसवलं असतं तर गाडी आणि बुक आपोआप जुळलं असतं. आता ती सरळ वाट राहिली नाही.

पोलिसांत गेलो. त्यांनी सहीचा कागद पाहिला आणि म्हणाले, तुम्ही राजीखुशीनं विकलंय. त्या माणसाचा फोन बंद आहे.

ज्यांच्या घरी अशी गाडी असेल त्यांना हात जोडून सांगतो, घरातल्या सगळ्यांना, विशेषतः गावी राहणाऱ्या आईवडिलांना, आजच फोन करा. शेडमधला एक नटही कुणाला देऊ नका. चेसिसचा ठसा, इंजिनचा नंबर आणि पाटीचे फोटो कुणीही परका यायच्या आधी स्वतः घ्या. या इंजिनाचा नंबर पुढच्या अंगाला, वॉटरपंपाच्या मागं ब्लॉकवर ठोकलेला असतो. तिथला चिखल आधी खरवडावा लागतो. पाटी जागेवरच पुसा. किंमत सांगणाऱ्याला त्याच्या कामाचे पैसे द्या, पण त्याला काही विकू नका. जो विकत घेणार आहे तो भाव पाडूनच सांगणार. आणि 'हे मूळचं नाही' असं कुणी म्हणालं तर मूळचं कुठं गेलं ते आधी घरात शोधा. आमच्या आईला हे कुणी सांगितलं असतं तर तिनं त्याला शेडमध्ये पाऊलही टाकू दिलं नसतं. ती अजून स्वतःलाच दोष देते, आणि मला ते इंजिन जाण्यापेक्षा जास्त लागतं.

आरसी बुकातला इंजिन नंबर मी कोल्हापूर, सांगलीच्या जुन्या पार्टवाल्यांकडं देऊन आलोय. दोघांनी तो वहीत उतरवून घेतला आहे.