चार पट्ट्या, एक नॉब : आठ अँपिअरच्या एलईडी डिमरचा चार महिन्यांचा अनुभव

बाबांना रात्री जाग आली की पुस्तक लागतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर छतावरचा दिवा त्यांच्या डोळ्यांना सोसवत नाही. म्हणून त्यांच्या पुस्तकांच्या कपाटाला चारही कप्प्यांखाली एलईडी पट्ट्या लावायच्या आणि सगळ्यांचा उजेड एकाच नॉबने कमीजास्त करायचा, असं मी ठरवलं. त्यासाठी आणलेला हा एकरंगी पट्ट्यांचा डिमर कंट्रोलर चार महिने रोज चालतोय. वस्तू चांगली आहे. सोबतचा माहितीचा कागद मात्र फारच तोकडा. मी जिथे जिथे अडले, त्यातलं काहीच त्यात नव्हतं.

डब्यावर १२ ते २४ व्होल्ट, ८ अँपिअर असं छापलंय. हे ८ अँपिअर सगळ्या पट्ट्यांचे मिळून. माझ्या पट्ट्या मीटरला ९.६ वॉटच्या आणि एकूण साडेनऊ मीटर, म्हणजे साधारण ९१ वॉट. १२ व्होल्टवर त्याचे ७.६ अँपिअर होतात, डिमर अगदी काठावर येतो. २४ व्होल्टवर तेच ३.८ मध्ये भागतं. म्हणून पट्ट्या २४ व्होल्टच्या घेतल्या आणि एसएमपीएस (घरातल्या विजेचे २४ व्होल्ट करून देणारा डबा) १२० वॉटचा, थोडी जागा राखून. रात्रभर चालू राहिला तरी डिमर हाताला जेमतेम कोमट लागतो.

पहिल्यांदा मी चुकले ते जोडणीत. एका पट्टीचं शेपूट दुसरीच्या तोंडाला, असं करत चारही एकामागे एक जोडल्या. वरचा कप्पा लख्ख आणि सगळ्यात खालचा मलूल. मल्टिमीटर लावला तर सुरुवातीला २४ आणि शेवटी २१.६ व्होल्ट. पट्टीतला तांब्याचा थर पातळ असतो, सगळ्या पट्ट्यांचा करंट पहिलीतूनच वाहिला की वाटेत व्होल्टेज पडणारच. मला वाटलं होतं, उजेड कमी केला की हा फरक लपेल. तसं होत नाही. हा डिमर व्होल्टेज कमी करत नाही, तो करंट फार वेगाने चालू-बंद करतो. चालू असतानाच्या त्या क्षणात करंट पूर्णच असतो, त्यामुळे नॉब कुठेही ठेवा, खालचा कप्पा वरच्यापेक्षा फिकाच दिसतो. आणि मोजायचंच असेल तर नॉब पूर्ण वर ठेवून मोजा, नाहीतर मीटर सरासरी दाखवून गोंधळात टाकतो.

मग सगळं उसवलं. प्रत्येक पट्टीला वेगळी वायर, चारही समांतर. इथे डिमरची खरी उणीव कळली: आउटपुटला एकच प्लस आणि एकच मायनस, तीही बारीक भोकं. चार वायरींची टोकं पिळून त्यात कोंबायचा प्रयत्न मी केला, दोन तारा बाहेर राहिल्या आणि शेजारच्या स्क्रूला टेकायला आल्या. असं कुणी करू नका. डिमरपासून १.५ चौरस मिलिमीटरची एकच जोडी कपाटामागच्या कनेक्टरपर्यंत नेली, तिथून ०.७५ च्या चार जोड्या फोडल्या. पट्टीच्या टोकांना क्लिप न लावता डाख दिला. वेळ गेला, पण चारही कप्प्यांचा उजेड आता एकसारखा आहे.

तरी एक पट्टी नॉबला दाद देईना. तीन मंद व्हायच्या, ही आपली पूर्ण तेजात. दोन संध्याकाळी गेल्या तेव्हा सापडलं: तिची मायनस मी चुकून थेट एसएमपीएसला जोडली होती. हा डिमर मायनसच्या वाटेवर बसून काम करतो, प्लस सगळ्यांची सामायिकच असते. एखादी मायनस त्याला वळसा घालून गेली की ती पट्टी त्याच्या हाताबाहेर. कागदावर एक आकृती छापली असती तर त्या दोन संध्याकाळी वाचल्या असत्या.

उजेडाबद्दल मी समाधानी आहे. डोळ्यांना थरथर जाणवत नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्यात मात्र आडव्या रेघा दिसतात. अगदी तळाशी उजेड सलग न उतरता पायऱ्यांनी उतरतो, आणि मध्यावर एसएमपीएस बारीक गुणगुणतो. रात्रीच्या शांततेत ते ऐकू यायचं, म्हणून त्याला कपाटामागून काढून पलंगापासून लांब, मोकळ्या हवेत ठेवलं.

रिमोटवाला डिमर मी मुद्दाम टाळला. नॉब जिथे सोडला तिथेच राहतो, वीज जाऊन आली तरी. त्यावर मी लाल नेलपेंटचा ठिपका दिलाय. ठिपका बरोबर वर आला की बाबांचा वाचायचा उजेड.