सेट की डिक्ट? दुबार नावं काढताना

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत यादीतली दुबार नावं काढायची म्हटलं की हात आधी सेटकडेच जातो, म्हणजे एक गोष्ट एकदाच ठेवणाऱ्या संचाकडे. माझाही गेला होता. जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात एका केळी व्यापाऱ्याला रोजच्या कापणीची यादी मी करून देतो. शेतकरी फोनवर नाव सांगतो आणि खात्रीसाठी व्हॉट्सॲपवरही टाकतो, त्यामुळे दुबार नावं ठरलेलीच. यादी सेटमध्ये घातली, परत लिस्ट (साधी क्रमवार यादी) केली. एका ओळीत काम फत्ते.

तपासलं नव्हतं असं नाही, पण तपासलं आकड्यांवर. १ ते १० दोनदा घातले, तर सेटने १ ते १० ओळीने परत दिले. हॅश म्हणजे सेट ज्यावरून गोष्टीची जागा ठरवतो तो आकडा; छोट्या पूर्णांकाचा हॅश म्हणजे तो आकडाच, म्हणून ते शहाण्यासारखे रांगेत बसतात. नावांचं तसं नसतं. पायथन ३.३ पासून प्रोग्राम नव्याने सुरू केला की मजकुराचे हॅश बदलतात. मी सकाळी एकदा चालवून यादी ग्रुपवर टाकली, नंतर पुन्हा चालवून मुकादमासाठी छापली. दोन्हींत नावं तीच, क्रम मात्र वेगवेगळा. साडेसहाला फोन, "भाऊ, मना नंबर पयला व्हता, खाले कसा गया?" कापणीचा नंबर हा काही शोभेचा आकडा नाही, घड पिकायला लागले की एका दिवसाचाही फरक पडतो. शिव्या खाल्ल्या मी, सेट नामानिराळा.

तेव्हापासून डिक्ट.फ्रॉमकीज. डिक्ट म्हणजे की (खूण) आणि तिच्यापुढची नोंद अशा जोड्या, एक की एकदाच; फ्रॉमकीज यादीतल्या नावांच्याच की करतं. तीही एकच ओळ, आणि जो आधी आला तो आधीच राहतो. ३.७ पासून (२०१८) भाषेनेच तशी हमी दिली आहे. कुठे त्याआधीचं जुनं पायथन असेल तर क्रम राखणारी ऑर्डर्डडिक्ट घ्या. वेगात सेट थोडा पुढे असेलही, पण माझ्या यादीत तो कधी जाणवला नाही.

सेट वाईट नाही हो. कालच्या यादीतलं कोण आज नाही, हे सेटच्या वजाबाकीत चटकन निघतं. आणि नोंदी लिस्टच्या स्वरूपात असतील तर दोघंही एरर देतात. आधी टपल (न बदलता येणारी लिस्ट) करा.

एक त्रास मात्र दोघांनाही सुटत नाही. 'बऱ्हाटे'मधला ऱ कुणाच्या कीबोर्डवर एकच अक्षर म्हणून उमटतो, कुणाच्या र आणि खाली नुक्ता असा. दिसायला एकच, पायथनला दोन. आधी पायथनच्या युनिकोडडेटातलं नॉर्मलाइज एनएफसी लावून चालवा, ते दोन्ही रूपं एकच करतं; स्ट्रिपही करा, म्हणजे पुढची-मागची रिकामी जागा जाते.

तुमच्या कामात क्रमाला किंमत नसेल तर सेट खुशाल वापरा. माझ्याकडे आता नुसती नावंही नसतात, नावापुढे घडांचा आकडा असतो. फ्रॉमकीज सोडून साधी डिक्टच भरतो, नाव ही की. कुणी दुपारी फोन करून "दोनशे नाही, दीडशेच घड" म्हटलं, तर आकडा नवा बसतो आणि नंबर सकाळचाच राहतो.