नेपाळातल्या मुक्तिनाथला जाताना ट्रॉली की सॅक?
आईचं म्हणणं, परदेश म्हणजे ट्रॉलीच. महाद्वार रोडवरनं नवीकोरी आणलीसुद्धा. कोल्हापूर स्टेशनवर ती झकास पळते, काठमांडूच्या विमानतळावरही. पण मुक्तिनाथ 3,700 मीटरच्या वर; देवळापर्यंत पायऱ्या, तिथं चाकं म्हणजे नुसतं ओझं. तिकडं जाणारं पोखरा-जोमसोम विमान लहान, वजनाला कडक.

माझं मत सॅकला. दोन जोड कपडे, थर्मल, कानटोपी, पंचा आणि मूळ मतदार ओळखपत्र (भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही). देवळातल्या पाण्याच्या 108 धारांखालनं पळत भिजल्यावर पंचा पिळून सॅकलाच बांधायचा, वाऱ्यावर वाळतो. जाड टॉवेल मात्र दोन दिवस कुबट वास मारतो.

ट्रॉलीचं एकच बरं, अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू चुरत नाहीत. सॅकमध्ये ते स्टीलच्या डब्यात घालावेत.